व्हिएतनामच्या उसातला बिबट्या

सायकलची चेन तिसऱ्यांदा पडली तेव्हा व्हिएतनाममध्ये सव्वापाच वाजले होते, म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारमध्ये पावणेचार. अमृताची गेले चार दिवस दोन घड्याळं चालू होती. एक मनगटावरचं, ते इथली वेळ दाखवायचं आणि त्याच्याकडे ती क्वचितच बघायची. दुसरं मनातलं, दीड तास मागचं. ते मात्र झोपेतही टिकटिकायचं. इथे नाश्त्याला बसलं की तिकडे संघर्षने नुकतीच कूस बदलली असणार. इथे बोटीत पाय ठेवला की तिकडे तो दूध नको म्हणून पलंगाखाली शिरला असणार. संघर्ष म्हणजे तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा. नाव आजोबांनी मोठ्या निष्ठेने ठेवलेलं; मुलाने ते तूर्त जेवणापुरतं मनावर घेतलं होतं.

आता पिंपरी पेंढारची बाई व्हिएतनाममध्ये सायकल घेऊन काय करत होती? कपिलचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, गावात कृषी सेवा केंद्र आहे. टोमॅटोच्या बियाण्याच्या एका कंपनीने विक्रीत पहिल्या वीस आलेल्या दुकानदारांना जोडीने परदेश दौरा जाहीर केला आणि कपिल विसावा आला. ("पहिल्या विसात," असं तो सांगतो.) जोडीने म्हणजे मूल सोडून, हे पत्रकात सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं. अमृता तीन दिवस "मी नाही येत" म्हणत राहिली. चौथ्या दिवशी सासूबाई, द्रौपदाबाई, लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "जा की. मी काय खाती का काय त्याला?" या प्रश्नाला सुनेने देण्यासारखं उत्तर अजून कुठल्याही भाषेत तयार झालेलं नाही.

मग आळीतून सूचना सुरू झाल्या. भाकरी नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. भाकरी न्याच, तिकडे नुसता पाला मिळतो. शेजारच्या साळुबाई खास उठून आल्या आणि म्हणाल्या, "तिकडं रस्ता वलांडताना थांबायचं न्हाई. हात वर करायचा आन् चालत सुटायचं. मोटारसायकली आपसूक बाजूनं जात्यात. भाच्यानं मोबाइलवर दावलंय." ही एकच सूचना खरी निघाली. पलीकडच्या जालिंदरने, ज्याचा आजा मेंढरं राखायचा आणि जो स्वतः आता कांदा करतो, त्याने सूचना न देता आश्वासन दिलं. "वहिनी, तुमी बिनघोर जा. काय बी झालं तर लगेच ग्रुपवर टाकतो."

हेच तर अमृताला नको होतं. जालिंदर 'बिबट्या सावधान' या ग्रुपचा ॲडमिन होता आणि फेब्रुवारी चालू होता. फेब्रुवारीत ऊसतोड असते. ऊस तुटला की बिबट्याचं घर तुटतं, आणि मग तो आपल्या घराकडे बघायला लागतो, हे जुन्नर-आंबेगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. निघताना अमृताने फ्रिजवर सत्तावीस कलमांचा कागद चिकटवला. त्यातली सव्वीस कलमं द्रौपदाबाई वाचणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पहिलं मात्र तिने तोंडी वदवून घेतलं होतं: पाच वाजले की पोरगं आत, दाराला कडी, आणि कडी घातली की व्हिडिओ कॉल.

"दारच दावू का कडीसकट?" द्रौपदाबाईंनी विचारलं होतं.

"दाखवा ना," अमृता म्हणाली होती. टोमणा तिला कळलाच नव्हता.

तर तो दौऱ्याचा शेवटचा दिवस. बाकीची मंडळी बसमधून मोत्यांच्या दुकानात निघाली, तेव्हा कपिल बसच्या दारातून मागे फिरला. "शेतकऱ्याचं पोरगं इथवर येऊन मोती बघतं व्हय? चल, शेतं बघू. आपण दोघंच." हॉटेलने फुकट दिलेल्या दोन सायकली, डोक्यावर कंपनीच्या केशरी टोप्या, टोपीवर हसणारा टोमॅटो. कपिलची सायकल गुलाबी होती आणि पुढे फुलांची नक्षी असलेली टोपली होती. तो म्हणाला, रंगाने काय होतं. पण एकही फोटो त्याने सायकलसकट काढू दिला नाही.

दिवस तसा सुरेख गेला, हे अमृताने नंतर कबूल केलं. चुनखडीचे उभे डोंगर, मध्ये पाण्याने भरलेली खाचरं, त्यात वाकून भात लावणाऱ्या बाया, आणि बदकांचा एक थवा, जो शाळा सुटल्यासारखा रस्ता अडवून चालला होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि संघर्ष झाल्यापासून दोघं पहिल्यांदाच एकटी होती. वीस मिनिटं त्यांनी एकमेकांशी गप्पा मारल्या. मग विषय संपले आणि दोघं संघर्षबद्दल बोलायला लागली.

अंतर मात्र कापलं जाईना, कारण कपिल दर शेताला उतरायचा. पान उलटं करायचा, खालची बाजू बघायचा आणि "च्" करायचा. मिरचीच्या एका वावरात त्याने मालकाला अस्सल मराठीत सांगितलं, "पावणं, थ्रिप्स आलाय. आजच फवारा, उद्यावर टाकू नका." मालकाने अत्यंत गंभीरपणे मान हलवली, दोघांना ओसरीवर बसवलं आणि बिनसाखरेचा हिरवा चहा पाजला. कपिलने तो औषधासारखा घेतला. निघताना त्या माणसाने त्याला मूठभर मिरच्या दिल्या. "बघ," कपिल म्हणाला, "सल्ल्याची किंमत इथं आहे. आपल्याकडं सल्ला घेत्यात आणि औषध नारायणगावातून आणत्यात."

अशा चार ओसऱ्या, तीनदा पडलेली चेन आणि एक चुकलेलं वळण, म्हणून सव्वापाच. चेन बसली तोवर पावणेसहा. झिमझिम पडून गेलेली, रस्ता ओला, उजेड मंदावलेला. वळण घेतलं आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा राहिला.

ऊस जांभळ्या कांड्यांचा होता, पण ऊस तो ऊस. अमृताचे पाय पेडलवरच थांबले.

जुन्नरच्या माणसाला उसातून जाणारा रस्ता संध्याकाळी दिसला की त्याच्या शरीरात काही गोष्टी आपोआप होतात. तो मोठ्याने बोलायला लागतो, मध्यातून चालतो, मोबाइलवर गाणं लावतो. कपिलने "हां, तर काय म्हणत होतो मी," असं विनाकारण ओरडून म्हटलंच. तो काहीच म्हणत नव्हता.

आणि तेवढ्यात अमृताला ते दिसलं. उसाच्या अगदी कडेला, पहिल्या सरीला पाठ लावून, दोन-अडीच वर्षांचं एक मूल उकिडवं बसलं होतं. लाल स्वेटर, हातात चमचा. चमच्याने चिखल उकरणं चालू. आसपास चिटपाखरू नाही.

अमृता प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे. कुठला प्राणी जगात कुठे सापडतो, यावर तिने पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. पण त्या क्षणी तिला पंधरा मार्क आठवले नाहीत. वन खात्याचा माणूस अंगणवाडीत येऊन सांगून गेला होता ते आठवलं: बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, मुलांना उसाकडे पाठ करून बसू देऊ नका. सायकल तिने टाकली, धावली, मूल उचललं आणि छातीशी धरलं.

"अगं, काय करतीस! इथं कुठला आलाय?" कपिल ओरडला.

"तुम्ही गाणं लावा आधी! मोठ्याने! आणि पाठ फिरवू नका!"

इथे कपिलने नवरा म्हणून तिला थांबवायला हवं होतं, असं तो आजही मान्य करतो. पण तोही त्याच मातीचा. त्याने एकदा उसाकडे पाहिलं, आणि हात आपोआप मोबाइलकडे गेला. हळदीला लावतात तसलं ढोलाचं गाणं फुल्ल आवाजात सुरू झालं. दुसऱ्या हाताने त्याने गुलाबी सायकलची घंटी बडवायला घेतली. आणि मग व्हिएतनामच्या त्या शांत रस्त्यावर, हसऱ्या टोमॅटोच्या टोप्या घातलेली दोन माणसं, एक परकं मूल घेऊन, ढोलाच्या तालावर, उसाकडे तोंड करून उलटी चालायला लागली.

मूल गप्प होतं. त्याला बहुधा आवडत होतं.

दहा पावलं गेली असतील. उसात खसफस झाली. आधी आत, मग जवळ. पाचट मोडल्याचा आवाज आला, शेंडे हलले, आणि अमृताच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की कपिलच्या हातून सायकल सुटली. ऊस बाजूला झाला आणि त्यातून बाहेर आली एक चार फुटी म्हातारी. डोक्यावर सुपासारखी टोपी, हातात कोयता, अंगभर पाचटाचा कचरा. ती मुलापासून दहा फुटांवर, आतल्या सरीत, उसाची पाचट सोलत होती. गाणं कसलं ते बघायला बाहेर आली, तर आपला नातू कुणीतरी घेऊन चाललेलं.

आता ती किंचाळली.

अमृता पुन्हा किंचाळली. मग मुलाने सूर लावला. ढोल चालूच होता, कारण कपिलला घाबरल्यावर फोन बंद करणं जमत नाही.

पाच मिनिटांत तिथे पंचवीसेक माणसं जमली. म्हातारीने नातू हिसकावून घेतला होता आणि त्याचे हात, पाय, कान मोजून बघत होती. अमृता हात जोडून उभी. आयुष्यात तिच्यावर चोरीचा आळ कधी आला नव्हता. शाळेत सापडलेला खोडरबरसुद्धा तिने बाईंकडे जमा केला होता. आणि आज एकदम मूल! तिला रडू येत होतं, पण रडलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं दिसेल म्हणून ती डोळे मोठे करून उभी राहिली. त्याने ती जास्तच संशयास्पद दिसत होती.

कपिलने फोनमधल्या भाषांतरवाल्या बाईला कामाला लावलं. ती व्हिएतनामीत काहीतरी बोलली. जमाव एक पाऊल मागे सरकला. त्याने परत प्रयत्न केला. जमाव आणखी मागे सरकला आणि म्हातारीने कोयता दुसऱ्या हातात घेतला.

"यंत्रावर नको जाऊस. थांब, चित्र काढतो," तो स्वतःलाच म्हणाला आणि खाली बसला.

बिबट्याचं अख्खं चित्र त्याला काय जमणार? पण ठसा जमतो. आमच्याकडे तो सगळ्यांना जमतो. तळहाताच्या टाचेने मागची गादी दाबायची, चार बोटांच्या शेंड्यांनी वरची चार टोकं, आणि नखं उमटू द्यायची नाहीत. नखं उमटली तर ते कुत्रं. रस्त्याकडेच्या ओल्या चिखलात कपिलने असा सुबक ठसा उठवला की वन खात्याने त्यावर पंचनामा केला असता. मग त्याने उसाकडे बोट दाखवलं, ठशाकडे बोट दाखवलं आणि तोंडाने "घुर्रर्र" केलं.

जमावाला कळलं. फारच नीट कळलं. पुढची माणसं मागच्यांना सांगायला लागली, मागची पुढे येऊन ठसा बघायला लागली, आणि बायांनी भराभर आपापली पोरं उचलली. एकाने काठी आणली. दुसऱ्याने पत्र्याचा डबा बडवायला घेतला. कुणीतरी पळत जाऊन कुत्रं बांधून घातलं. ज्यांनी ठसा उठवताना पाहिला नव्हता ते, पाहिलेल्यांनाच तो कसा ताजा आहे हे समजावून सांगत होते.

"अहो, काय केलंत हे!" अमृता म्हणाली. "अख्ख्या गावात बिबट्या सोडलात तुम्ही!"

तेवढ्यात मोटारसायकलवरून पोलीस आला. तरुण, रेनकोट घातलेला, गंभीर. त्याने आधी ठसा बघितला. फूटपट्टी लावून मोजला. फोटो काढला. शेजारी आपला पेन ठेवून पुन्हा फोटो काढला. मग पासपोर्ट मागितला. पासपोर्ट टूर मॅनेजरकडे होते, चाळीसच्या चाळीस एका पिशवीत, आणि पिशवी मोत्यांच्या दुकानात. कपिलने हॉटेलचं कार्ड दिलं. अमृताने आधार कार्ड काढलं. पोलिसाने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि ठशाशेजारी ठेवून तिसरा फोटो काढला.

मग अमृताला सुचलं. तिने आपला फोन काढला, 'बिबट्या सावधान' उघडला आणि गेल्या आठवड्यातली चित्रफीत लावली. ती जालिंदरच्या अंगणातली होती. कॅमेऱ्यात मध्यरात्रीचं करडं अंगण, पाण्याचा पिंप, वाळत घातलेले परकर. आणि एका क्षणी भिंतीवरून पाणी ओतावं तसा एक बिबट्या खाली उतरतो, पिंपाचं पाणी पितो, आणि आल्या वाटेने निघून जातो. त्या भिंतीच्या पलीकडे अमृताचं स्वयंपाकघर आहे.

तिने चित्राकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. "माझं घर. इंडिया. माझं मूल." हाताने संघर्षची उंची दाखवली. मग चिखलातल्या ठशाकडे बोट करून जोरजोरात नकाराची मान हलवली, कपिलचा हात पोलिसापुढे धरला आणि म्हणाली, "अहो, दाखवा त्यांना. उठवा दुसरा."

कपिलने दुसरा ठसा उठवला. पोलिसाने तोही मोजला. दोन्ही सारखे भरले. पोलिसाने त्याला तिसरा उठवायला लावला आणि त्याची पूर्ण चित्रफीत काढली. मग तो पहिल्यांदा हसला आणि जमावाकडे वळून दोन वाक्यं बोलला. पत्र्याचा डबा थांबला. एक माणूस इतका हसला की त्याला बसावं लागलं. आणि मग सगळ्यांना बिबट्या बघायचा होता. फोन हातोहात निघाला. जो तो भिंतीवरून उतरणारा तो प्राणी बघायचा, तोंडाला हात लावायचा आणि अमृताकडे बघायचा. त्या बघण्यात आता आळ नव्हता.

म्हातारीने चित्रफीत दोनदा पाहिली. नंतर तिने पोलिसाला काहीतरी सांगितलं आणि त्याने ते आपल्या फोनमधून हिंदीत काढून दिलं. हिंदी मोडकी होती, पण अमृताला सगळं कळलं. मुलाची आई दूरच्या शहरात कारखान्यात आहे. रोज संध्याकाळी फोन करते. पहिला प्रश्न, मूल कुठे आहे. "आज मी तिला काय सांगितलं असतं?" म्हातारी विचारत होती.

अमृताने उसाच्या त्या सरीकडे पाहिलं. दहा फूट. म्हातारी दहा फुटांवर होती आणि प्रत्येक सोललेल्या उसागणिक एकदा बाहेर बघत असणार. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र एकटं मूल दिसलं होतं. आपण रोज पाच वाजता फोनच्या चार इंची खिडकीतून पिंपरी पेंढारला असंच बघतो, आणि त्या खिडकीच्या बाहेर, बाजूला, सासूबाई किती फुटांवर असतात ते काही दिसत नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती म्हातारीला "सॉरी" म्हणाली, मग ते फारच कमी वाटलं म्हणून वाकून नमस्कार केला. म्हातारीने तिच्या केसांतलं उसाचं पातं काढून टाकलं. हा भाग भाषांतर न करताच झाला.

साडेसहा झाले, म्हणजे तिकडे पाच, आणि फोन वाजला. तो तेव्हा पोलिसाच्या हातात होता. तो बिबट्या चौथ्यांदा बघत होता. कशावर तरी बोट लागलं आणि पडदाभर द्रौपदाबाईंचं कपाळ आलं.

"अमृता? ए अमृता, घातली गं कडी, ही बघ... अगं बया! पोलीस!"

"आई, आई, काही नाही झालं!" अमृताने फोन जवळजवळ ओढून घेतला.

"काय न्हाई कसं! कपिलनं काय केलं?"

"मी काय केलं?" कपिल मागून म्हणाला. "तुझ्या सुनेनं पोर उचललं."

अमृताने सगळं सांगितलं. मूल, ऊस, ढोल, ठसा. सांगताना तिच्या लक्षात आलं की द्रौपदाबाई हसत नाहीत. त्या मध्ये मध्ये फक्त "मग?" आणि "बरं क्येलं" म्हणत होत्या. त्यांच्या मांडीवर संघर्ष बसला होता, गूळ-शेंगदाणे खात, कलम क्रमांक नऊचा सरळ भंग करत. अमृताच्या जिभेवर आलं होतं, जेवणाआधी गूळ नका ना देऊ. ते तिने गिळलं. म्हणाली, "आई, तुम्ही आहात म्हणून मी इथे आहे."

"ते ऱ्हाऊ दे," द्रौपदाबाई फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या. "तुझ्या मागं काय हाय? ऊस हाय का त्यो?"

अमृताने वळून पाहिलं. "हो, ऊसच आहे."

"आन् अंधार पडलाय!"

"अहो आई, इथे बिबट्या नसतो. पोलिसांनीच सांगितलं आत्ता."

"त्याला काय पासपोर्ट लागतो व्हय? पोरगं आत हाय, मी आत हाय, आन् तूच भायेर उभी उसाला पाठ करून! शिकलेली ना तू? त्या बाईला दे फोन."

"त्यांना मराठी नाही येत, आई."

"दे म्हनलं ना!"

अमृताने फोन म्हातारीपुढे धरला. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींना क्षणभर न्याहाळलं. एकीच्या मांडीवर, दुसरीच्या कडेवर एकेक नातू. मग द्रौपदाबाई, आळीच्या पलीकडच्या बाईला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "अवो बाई! माझ्या सुनंला आत घ्या वो! लई भित्री हाय, पण गुणाची हाय!"

म्हातारीने एक शब्द न कळता मान डोलावली. नातू एका कडेवर सावरला, दुसऱ्या हाताने अमृताचं मनगट धरलं आणि तिला चक्क ओढत नेलं. उसाच्या शेवटी तिचं छोटंसं घर होतं. आत भिंतीवरच्या फळीवर उदबत्त्या, कुणा गेलेल्या माणसाचा फोटो आणि वीतभर उंचीचा बुद्ध. अमृताचे हात सवयीने जुळले. म्हातारीने ते पाहिलं आणि भाताच्या भांड्यावरचं झाकण काढलं. फोनमधून द्रौपदाबाई ओरडत होत्या, "कडी! कडी घाला म्हनावं!" आणि म्हातारीने, कोण जाणे कशी, पण दाराला आतून कडी घातली.

तिकडे समाधानाचा एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

पाठोपाठ दारावर थाप पडली. बाहेर चिखलाने कोपरापर्यंत माखलेला कपिल, गुलाबी सायकल धरून उभा होता. "अगं, मी बाहेरच राहिलोय!"

अमृता उठायला लागली.

"बस गं तू," द्रौपदाबाई फोनमधून म्हणाल्या. "जेव आधी. त्याला म्हनावं, गाणं लाव."